क्रिकेटचा कारभार आणि कारभाऱ्याचा पगार

मुंबईत वानखेडे स्टेडियमच्या आवारात मुख्यालय असलेले भारतीय क्रिकेट नियामक मंडळ ही नोंदणीकृत संस्था असून तिचे अध्यक्ष, सचिव आदी पदाधिकारी मानद, म्हणजे नियमित वेतन न घेता काम करणारे असतात. खेळाची सेवा ही भावना त्यामागे आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. परंतु 2022 मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटी रुपयांना विकणाऱ्या संस्थेचा दैनंदिन व्यवहार फावल्या वेळात सांभाळता येत नाही. मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीने जानेवारी 2016 च्या अहवालात नेमके हेच हेरले: धोरण निवडून आलेल्यांनी ठरवावे आणि अंमलबजावणी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने, म्हणजे पगारी व उत्तरदायी व्यावसायिकाने करावी. त्याच वर्षी दूरचित्रवाणी क्षेत्रातील राहुल जोहरी मंडळाचे पहिले असे अधिकारी झाले. 2020 मध्ये ते पायउतार झाल्यावर कार्यभार हंगामी स्वरूपात आयपीएलचे हेमांग अमीन यांच्याकडे गेला.

प्रक्षेपण-करार, करविषयक वाद, खेळाडूंचे मानधन हे सारे जाणणारा माणूस बाजारभावानेच मिळतो, मात्र तेवढ्याने तो टिकत नाही. निर्णयाचे अधिकार पदाधिकाऱ्यांच्याच मुठीत राहिले, तर गलेलठ्ठ पगारही वाया जातो. पगार जाहीर असावा, कामाची कसोटी लेखी असावी आणि अधिकार निःसंदिग्ध असावेत, एवढी मागणी क्रिकेटप्रेमींनी आपापल्या राज्य संघटनेकडेही लावून धरावी.