कुडकुडी परत आली

या बाळांनो, सरका जवळ. आजची गोष्ट समुद्राची, तीही पार कोरियाच्या समुद्राची. कोरियाच्या दक्षिणेला जेजू नावाचं बेट आहे, ज्वालामुखीतून वर आलेलं. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात बुड्या मारून संसार चालवतात. त्यांना म्हणतात हेन्यो. पाठीवर हवेची टाकी नाही, तोंडात नळी नाही. छातीत श्वास भरायचा, डोकं खाली, पाय वर, की थेट तळाशी. खडकाला घट्ट चिकटलेले मोठाले शंख लोखंडी पट्टीनं उचकटायचे, शेवाळ कापायचं आणि दम संपायच्या आत वर यायचं. वर आल्याबरोबर कोंडलेला श्वास असा काही सोडतात की शीळच वाजते. मिळालेला माल जाळीत टाकायचा, आणि ती जाळी बांधलेली असायची वाळक्या पोकळ भोपळ्याला. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला भोपळा बांधायचे ना, तसाच.

आता ऐका खरी गंमत. हिवाळ्यात तिथलं पाणी 10 अंशांपर्यंत उतरतं. आणि पूर्वी या बायकांच्या अंगात काय असायचं? साधा सुती कपडा! शरीराचं तापमान 37 वरून 35 अंशांपर्यंत घसरेस्तोवर त्या पाण्यात राहायच्या, मग किनाऱ्यावर दगडांच्या आडोशाला जाळ करून अंग शेकायच्या, आणि पुन्हा पाण्यात. लेकुरवाळ्यासुद्धा.

1960 च्या दशकात सुक की होंग नावाच्या शास्त्रज्ञाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रश्न पडला की हे यांना सोसतं तरी कसं? त्यांनी बायकांना स्वस्थ निजवलं आणि नुसतं पडल्या पडल्या शरीर किती ऊर्जा जाळतं ते मोजलं. हिवाळ्यात हेन्योंचं शरीर जवळजवळ 30 टक्के जास्त ऊर्जा जाळत होतं! त्याच वस्तीतल्या, पण बुडी न मारणाऱ्या बायकांमध्ये असा फरक पडत नव्हता. मग त्यांना गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवून पाहिलं. ज्या पाण्यात दुसरी बाई कुडकुडायला लागायची, त्यात हेन्यो शांत बसलेली. तिला कुडकुडी भरायला पाणी आणखी गार लागायचं.

“आजोबा, त्या जाड्या असतील!” असं तुम्ही म्हणणार, ठाऊक आहे मला. पण सारखीच चरबी असलेल्या दोघी शेजारी बसवल्या, तरी हेन्योच्या अंगातून ऊब कमी निसटायची. थंडीनं रोज दार ठोठावलं आणि शरीरानं तिच्याशी राहायची रीत शोधून काढली.

पुढे 1970 च्या दशकात रबरी पोशाख आला. अंगासरशी बसणारा, आतली ऊब धरून ठेवणारा. अर्ध्या तासात बाहेर पळणारी बाई आता दोन-तीन तास पाण्यात काम करू लागली, आणि अंगही फारसं गार पडेना. किती हाल वाचले असतील त्या माउल्यांचे! त्यांनी तो पोशाख घातला ते शंभर टक्के बरोबर केलं.

शास्त्रज्ञांनी मात्र मोजमाप सोडलं नाही. थोड्याच वर्षांत हिवाळ्यातली ती जादा ऊर्जा जळेनाशी झाली. ऊब राखण्याची हातोटी गेली. आणि 1980 नंतर लवकरच त्यांना कुडकुडीही चारचौघींसारखीच भरू लागली. समुद्र तोच आणि हिवाळाही तोच. फक्त पाण्याचा गारठा कातडीपर्यंत पोचेनासा झाला होता.

पण एक गोष्ट गेली नाही हं. श्वास तर त्यांना अजूनही रोखावाच लागतो, पोशाख त्यात काही मदत करत नाही. चेहरा गार पाण्यात गेला आणि श्वास रोखला की आपल्या सगळ्यांचंच हृदय जरा सावकाश धडधडतं. हेन्योंचं ते आजही बेटावरच्या इतर बायकांपेक्षा जास्त सावकाश होतं.

तुम्ही विचाराल, आपल्याला कुठे बर्फाळ पाण्यात जायचंय? पण बाळांनो, उन्हाचंही असंच असतं. रोज थोडं थोडं उन्हात हिंडलं की पहिल्या काही दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं. घाम लवकर सुटायला लागतो, भरपूर येतो, आणि त्यातलं मीठ घामाच्या ग्रंथी परत आत ओढून घेतात. दहा-पंधरा दिवसांत शरीर तयार होतं. उन्हाशी गाठ पडेनाशी झाली, की काही आठवड्यांत हे सगळं ओसरतं. म्हणून मला काळजी वाटते ती सकाळपासून एसीत बसून, एखाद्याच लग्नासाठी नागपूरच्या भर दुपारी स्कूटर काढणाऱ्यांची. त्यांच्या शरीराची तयारीच झालेली नसते.

एसी बंद करा असं मी म्हणणार नाही. तान्ह्या बाळाला, आजाऱ्याला, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला तो हवाच; म्हातारपणी घामही कमी येतो. पण तुम्ही धडधाकट आहात. सुट्टी लागली की पहिल्याच दिवशी दुपारी बॅट घेऊन पळू नका. आधी उन्हं कलल्यावर अर्धा तास खेळा, मग रोज थोडं वाढवा. मधूनमधून पाणी प्या. आणि डोकं दुखायला लागलं, मळमळलं, की खेळ तिथेच टाकून सावलीत या आणि मला हाक मारा.