तंबोरा कोणी लावायचा?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, गाण्याच्या शिकवणीचा पुरेपूर उपयोग कसा करून घ्यावा? त्याचं उत्तर आज आपण तंबोऱ्यापासून शोधू.

आम्ही निवृत्तीनंतर गाणं शिकू लागलो. दोन वर्षं लावलेल्या तंबोऱ्यासमोर जाऊन बसायचो. एकदा गुरुजींना यायला उशीर झाला, तंबोरा बेसूर होता, आणि कुठली तार उतरली आहे हेच आम्हाला सांगता येईना. जन्मभर ज्ञानमीमांसा शिकवली, आणि समोरचा षड्ज ओळखू येत नाही!

तेव्हापासून आम्ही पंधरा मिनिटं आधी जातो, स्वतः तंबोरा लावतो, मग तो गुरुजींना तपासायला सांगतो. खरी शिकवणी तिथेच सुरू होते. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, शेवटची खर्जाची. जोडाच्या तारा एकमेकींत मिळत आल्या की आवाजातली लाट मंदावते, मग थांबते. ढोबळ काम खुंटीनं, बारीक काम मण्यानं करायचं. मग जवारी. घोडीचा माथा किंचित उतरता असतो, तार त्याला घासत कंप पावते. तारेखालचं सूत हळूहळू सरकवत गेलं की एका जागी आवाज एकदम खुलतो. नीट लागलेल्या खर्जातून गंधार ऐकू येतो, कोणी न लावलेला! मूळ नादाच्या पाचपट कंपनांचा तो स्वर त्याच तारेत असतो. मोबाइलवरचा तंबोरा सोयीचा आहे, आम्हीही वापरतो. पण तिथे लावण्याचं काम आपल्याला उरत नाही, आणि कान त्या कामातच तयार होतो.

आता निगा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनानं भोपळा मजबूत होत नाही. तो वाळवलेला, पोकळ भोपळाच. भिंतीला टेकवून ठेवू नका. गवसणी घालून, खाली चुंबळ देऊन आडवा ठेवा. प्रवासात तारा उतरवा. कोरड्या हवेत खुंटी घसरते, तिला थोडा खडू लावा.

घोडीवर तारेची खाच पडली, तर मात्र कारागिराकडेच जा. आम्ही एकदा घरीच पॉलिश पेपर फिरवला. आवाज पार बसला. कारागिरांनी घोडी उजेडात धरून विचारलं, “हे कोणी केलं?” आम्ही म्हटलं, “विद्यार्थ्यानं.”