आवासदान : घर बांधणे आणि घर टिकवणे

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त दानाचे चार प्रकार सांगताना आहार आणि औषध यांच्याबरोबर उपकरण आणि आवास यांचाही समावेश केला आहे. तेथे मूळ संदर्भ त्यागी-व्रतींच्या वैयावृत्त्याचा आहे, हे खरे. तरीही निवारा देणे हे अन्न आणि औषध देण्याच्या तोडीचे कर्तव्य आहे, ही दृष्टी त्यातून श्रावकांना मिळते. आहारदान आणि औषधदान आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. गावोगावच्या भोजनशाळा, दवाखाने आणि पांजरपोळ त्याची साक्ष देतात. धर्मशाळा आणि विद्यार्थी वसतिगृहे यांच्या रूपाने आवासदानही आपण केले. मात्र कुटुंबांच्या कायम निवाऱ्याचा प्रश्न निघाला की आपली पावले अडखळतात. इमारत बांधण्यास दाते पुढे येतात, पण ती सांभाळण्यास कोणी सहसा पुढे येत नाही. या लेखाचा विषय हाच आहे.

मुंबईतील एका लहान ट्रस्टचा विश्वस्त म्हणून मला याचा जवळून अनुभव आला. समाजातील गरजू कुटुंबांसाठी एका सद्‌गृहस्थांनी बांधलेली ती चार मजली इमारत आहे. प्रवेशद्वारी संगमरवरी पाटीवर दात्याचे नाव कोरलेले आहे. ती पाटी आजही स्वच्छ आहे, परंतु मागच्या जिन्याला लाकडी टेकू लावलेले आहेत. गच्ची गळते आणि पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांना रात्री उठून बादल्या बदलाव्या लागतात. जुनी दप्तरे चाळली तेव्हा लक्षात आले की, बांधकामाचा खर्च पै-पैसहित लिहिलेला आहे, उद्‌घाटनाच्या भोजनाचाही हिशेब आहे, पण दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या रकमेचे खाते मुळी उघडलेलेच नाही. दुकानातील तराजूचा, गाडीचा आणि फर्निचरचा घसारा दरवर्षी न चुकता मांडणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांना इमारतीच्या घसाऱ्याचा विसर पडला होता.

एका महानगराचा धडा

ही चूक केवळ एका ट्रस्टची नाही. मुंबई शहराने शंभर वर्षे हीच चूक मोठ्या प्रमाणावर केली. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगने थैमान घातले, तेव्हा दाट आणि कोंदट वस्तीचा धोका सर्वांच्या ध्यानी आला. त्यातून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे कामगारांसाठी २०७ बीडीडी चाळी उभारल्या. प्रत्येक कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली आणि मजल्यावर सामायिक शौचालये, अशी ती व्यवस्था होती. त्या खोल्यांत तीन-तीन पिढ्या वाढल्या. त्यांच्या जागी आता ५०० चौरस फुटांची घरे बांधली जात असून, वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाल्या.

काळबादेवी, भुलेश्वर, पायधुनी आणि गिरगाव या भागांची कथा वेगळी आहे आणि आपल्या वाचकांना ती अधिक जवळची आहे. तेथील इमारती खाजगी मालकांच्या आणि ट्रस्टांच्या होत्या. खाली पेढी आणि वर बिऱ्हाड, अशा घरांतून आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी व्यापार उभा केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरांची टंचाई वाढली. भाडेकरूंची लूट होऊ नये म्हणून १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बहुतांश भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. कायद्याचा हेतू सद्‌हेतूच होता. परंतु काही वर्षांसाठी योजलेला उपाय अर्धशतक टिकला. सिमेंट, लोखंड आणि गवंड्याची मजुरी वाढत गेली, भाडे मात्र तेथेच राहिले. मालकाने दुरुस्ती सोडून दिली. भाडेकरूने घर सोडले नाही आणि जागेचे खरे मोल पागडीच्या रूपाने हिशेबाबाहेर फिरू लागले.

इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये शासनाने उपकर लावून दुरुस्ती मंडळ स्थापन केले. त्या वेळी उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. अनेक कुटुंबे दुरुस्ती होईपर्यंत म्हणून संक्रमण शिबिरांत गेली आणि त्यांची मुले तेथेच मोठी झाली. गोठवलेल्या भाड्याची तरतूद कालांतराने अन्याय्य ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नमूद केले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून दरवर्षी चार टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली. पण आकड्यांचा विचार करा. २००० साली ५० रुपये असलेले भाडे प्रतिवर्षी चार टक्क्यांनी वाढून पंचवीस वर्षांनंतर सुमारे १३३ रुपये होते. एवढ्या रकमेत इमारतीची वार्षिक रंगरंगोटीदेखील होणार नाही.

येथे कोणाला दोषी ठरवण्याचा हेतू नाही. मालकही आपले आहेत आणि भाडेकरूही आपलेच आहेत. कित्येक कुटुंबे तर एका इमारतीत मालक असून दुसरीकडे भाडेकरू आहेत. धडा इतकाच की, घर स्वस्त ठेवणे म्हणजे घराचा खर्च नाहीसा होणे नव्हे. तो खर्च कोणी ना कोणी भरलाच पाहिजे. तो पैशाने भरला नाही, तर कोसळलेल्या छताखाली माणसांच्या प्राणांनी भरला जातो.

दोन समाजांनी काढलेले मार्ग

१९१५ साली मुंबईच्या गावदेवीत सारस्वत समाजातील एका विचारवंताने वेगळी वाट शोधली. रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने तेथे सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. भारतातील सहकारी गृहनिर्माणाचे जनक म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. राहणारा माणूसच संस्थेचा सभासद असेल आणि आपल्या इमारतीचा खर्च सर्वांनी मिळून उचलावा, हे त्या संस्थेचे सूत्र होते. दात्याच्या कृपेवर न विसंबता नोकरदार मध्यमवर्गाने स्वाभिमानाने घर मिळवण्याचा तो मार्ग होता.

दुसरे उदाहरण आपल्यासारख्याच एका व्यापारी समाजाचे आहे. भेंडी बाजारातील सुमारे १६.५ एकर क्षेत्रातील अडीचशेच्या आसपास मोडकळीस आलेल्या इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासासाठी दाऊदी बोहरा समाजाने २००९ मध्ये सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टची स्थापना केली. सुमारे ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने यांचा प्रश्न एकदम हाती घेतला गेला. एकेक इमारत सुटी बांधली असती, तर रस्ते अरुंद राहिले असते आणि उजेडही आला नसता. म्हणून संपूर्ण वस्तीचा आराखडा एकत्र केला गेला. हा मार्गही निष्कंटक नव्हता. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी याच परिसरातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचा मृत्यू झाला. त्या इमारतीतील काही कुटुंबे आधीच दुसरीकडे हलवलेली होती, काही मात्र तेथेच राहत होती. संमती, परवानग्या आणि स्थलांतर यांत जाणारा प्रत्येक दिवस किती मोलाचा असतो, याची ही दुःखद साक्ष आहे.

नवी इमारत झाली म्हणजे प्रश्न संपला, असेही नाही. गोवंडी-मानखुर्द भागातील पुनर्वसन वसाहतींमध्ये इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या गेल्या की, खालच्या मजल्यांवर सूर्यप्रकाश पोहोचत नाही. तेथील पाहणीत हवा आणि उजेड यांच्या अभावाचा क्षयरोगाशी संबंध दिसून आला. झोपडीतून पक्क्या घरात गेलेल्या माणसाला पक्के छत मिळाले आणि आजारही मिळाला. यास आवासदान म्हणता येणार नाही.

आपल्या पेढीवरचा माणूस

सामाजिक घरांचा विचार करताना आपली नजर बहुधा समाजाच्या कुंपणाआत राहते. परंतु आपल्या दुकानाचे शटर सकाळी उघडणारा गुमास्ता, गोदामातील हमाल आणि वर्षानुवर्षे वही लिहिणारे दिवाणजी कोठे राहतात? विरार, बदलापूर किंवा कर्जतहून दोन-दोन तास लोकलने येणाऱ्या माणसाच्या श्रमांवर आपली पेढी चालते.

सोलापूर हे जैन व्यापाराचे जुने केंद्र आहे. त्या शहरालगत कुंभारी येथे विडी कामगार, यंत्रमाग कामगार आणि इतर असंघटित श्रमिकांसाठी ३०,००० घरांची रे नगर वसाहत आकारास आली. त्यांपैकी १५,००० घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. त्याआधी तेथेच कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांची १०,००० घरांची वसाहत झाली होती. केंद्र आणि राज्य यांचे अनुदान, त्यासोबत कामगारांचा स्वतःचा हिस्सा, असे त्या योजनेचे स्वरूप आहे. ज्यांच्या हाती पुंजी नव्हती, त्या स्त्रियांनी संघटित होऊन घरे मिळवली. आपल्याकडे पुंजी आहे, हिशेबाची शिस्त आहे, ट्रस्टही आहेत. मग आपल्याच नोकरांच्या घरांसाठी आपण काय केले, हा प्रश्न अवघड वाटला तरी टाळण्याजोगा नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. व्यापारी मंडळांनी तो समजून घेऊन आपल्या कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचवला, तरी मोठे काम होईल.

विश्वस्तांनी काय करावे?

अनुभवातून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट घसाऱ्याची. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का रक्कम घेण्याची तरतूद आहे. एका घराचा बांधकाम खर्च वीस लाख धरला, तर ही रक्कम वर्षाला वीस हजार रुपये, म्हणजे महिन्याला साधारण १,६७० रुपये होते. चाळीस घरांच्या इमारतीस वर्षाला आठ लाख लागतील. दात्याने आठ कोटींची इमारत देताना सुमारे एक कोटी पंधरा लाखांचा ध्रुवफंड सोबत दिला, तर सात टक्के व्याजाने ही रक्कम दरवर्षी निघते. एवढा निधी जमत नसेल, तर चाळीसऐवजी पस्तीस घरे बांधावीत, पण ध्रुवफंडाविना बांधू नयेत. सिंगापूरमध्ये बहुसंख्य जनता सरकारने बांधलेल्या घरांत राहते. तेथेही दरमहा सेवाशुल्कातून सिंकिंग फंडासाठी भाग बाजूला काढावा लागतो.

दुसरी गोष्ट भाड्याची. भाडे नाममात्र ठेवण्यापेक्षा कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे ठेवावे. ज्याला शक्य नाही, त्याचा फरक साधर्मिक निधीतून भरावा आणि तो वहीत स्पष्ट दिसावा. ज्याची परिस्थिती सुधारली, त्याने आनंदाने पुढच्या गरजूसाठी जागा मोकळी करावी. हे करारातच लिहिलेले असावे. सार्वजनिक ट्रस्टची इमारत तीन वर्षांहून अधिक काळासाठी भाडेपट्ट्याने देताना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, याचे भान विश्वस्तांनी ठेवावे.

तिसरी गोष्ट वाटपाची. म्हाडाच्या घरांची सोडत सर्वांसमक्ष होते. आपल्या ट्रस्टांतील घरे मात्र अनेकदा ओळखीने जातात. निकष, अर्ज आणि प्रतीक्षा यादी सूचना फलकावर लावल्याने संशय संपतो आणि सामाजिक सलोखा वाढतो.

चौथी गोष्ट तपासणीची. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट मुंबईत बंधनकारक आहे. ते केवळ कागदासाठी न करता पावसाळ्यापूर्वी करावे आणि अहवाल रहिवाशांना वाचून दाखवावा.

आमच्या ट्रस्टमध्ये हे सारे सुचवले, तेव्हा विरोध झाला. “धर्मादाय जागेचे भाडे वाढवणे शोभते का?” असे काहींनी विचारले. प्रश्न प्रामाणिक होता. रहिवाशांची सभा बोलावली, अहवाल वाचला, खर्चाचे आकडे समोर ठेवले. बराच वेळ कोणी बोलेना. मग तिसऱ्या मजल्यावरच्या एक वृद्ध विधवा भगिनी उठून म्हणाल्या, “भाऊ, मला जमेल तेवढे वाढीव भाडे मी देईन. पण जिना पावसाळ्याआधी होईल ना?” त्या दिवशी ठराव संमत झाला. तीन कुटुंबांचा फरक साधर्मिक निधीने उचलला. जिना झाला, गच्चीचे काम चालू आहे आणि दुरुस्ती निधीचे खाते आता वहीत आहे.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांमध्ये प्रभावनेबरोबर स्थितीकरणही सांगितले आहे. डळमळणाऱ्याला स्थिर करणे, हा त्याचा अर्थ. त्याचा रोख धर्मातील स्थैर्याकडे आहे. पण ज्याच्या डोक्यावरचे छतच डळमळते आहे, त्याला धर्मात स्थिर राहणे किती कठीण, हे आपण जाणतो. प्रभावनेसाठी आपण उदार आहोत. बोली लागते तेव्हा लाखांचे आकडे सहज उच्चारले जातात. यंदा दशलक्षण पर्वात उत्तम त्यागाच्या दिवशी प्रत्येक गावच्या समाजाने एखाद्या जुन्या इमारतीच्या ध्रुवफंडासाठी एक बोली ठेवावी. त्या दानाची संगमरवरी पाटी लागणार नाही. त्याच्या दुसऱ्याच दिवशी उत्तम आकिंचन्य असते, हे येथे स्मरावे.

जय जिनेंद्र.