काळी इंगळी आणि लाल विंचू

बांधाचा दगड उचलला, पेंढ्याचा भारा हलवला, की कधी कधी खालून विंचू निघतो. महाड-पोलादपूरच्या माणसाला हे नवे नाही. पण निघालेला विंचू कोणता, हे कितीजण बघतात?

आपल्याकडचे दोन प्रकार चटकन ओळखू येतात. एक मोठी काळी इंगळी. तिचे चिमटे खेकड्यासारखे जाडजूड, शेपटी त्या मानाने बारीक. दुसरा लहान, तांबूस. त्याचे चिमटे काटकुळे, शेपटी मात्र जाड. लोक इंगळीला भितात आणि तांबड्याला 'एवढासा तर आहे' म्हणतात. खरे आहे ते उलटे. इंगळी डसली तर आग होते, पण सहसा जीव जात नाही. माणूस दगावतो तो लाल विंचवाने.

असे का व्हावे? ज्याच्या चिमट्यात जोर, तो झुरळ, नाकतोडा चिमट्यातच चिरडतो. त्याला जहाल विष लागत नाही. ज्याचे चिमटे दुबळे, त्याला भक्ष्य विषानेच गार करावे लागते. विष करायलाही अंगातली ताकद खर्ची पडते. म्हणून एकाने चिमटे पोसले, दुसऱ्याने विष. हे कोणी ठरवून केले नाही बरे का! पिढ्यानपिढ्या ज्यांचे साधले ते जगले, त्यांची पिल्ले वाढली, आणि हळूहळू जाती वेगळ्या झाल्या. यालाच उत्क्रांती म्हणतात.

विंचू हा कोळ्याचा भाऊबंद. किड्याला पाय सहा, याला आठ. ४० कोटी वर्षांपूर्वीही विंचू होते. तेव्हा माणूस सोडाच, पाखरूसुद्धा नव्हते. मातीत आणि दगडाखाली राहायचे, खायला मिळाले नाही तर महिनोन्‌महिने उपाशी काढायचे, यावर तो टिकला. त्याची नजर मंद. पण पोटाखाली दोन कंगवे असतात, त्यांनी तो जमीन चाचपतो. मेक्सिको देशातल्या काही खोल गुहांत असे विंचू आहेत, की त्यांना डोळेच उरलेले नाहीत. काळोखात डोळे काय कामाचे? आपली गांधारपाल्याची लेणी सुमारे १८०० वर्षांची, शिवाय तोंडाशी उघडी. डोळे जायला हजारो पिढ्यांचा दाट काळोख लागतो.

पिल्ले आईला खाऊन बाहेर पडतात, ही गोष्ट मात्र खोटी. ती जिवंत जन्मतात आणि पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर बसून राहतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते इथे अक्षरशः खरे.

आता लाल विंचवाच्या विषाकडे वळू. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले. त्या काळी या विंचवाचे विष अंगात भिनलेल्या १०० रोग्यांपैकी ३० च्या आसपास दगावत. डॉक्टर रोग्यांच्या उशाशी बसून लक्षणे टिपत राहिले. विषाने रक्तवाहिन्या आवळतात. हातपाय बर्फासारखे गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, मग फुप्फुसात पाणी भरते आणि रोग्याला धाप लागते. आवळलेले सैल करायचे, तर रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची गोळी होतीच. ती त्यांनी वापरून पाहिली, आणि गुण आला. १९८६ साली त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हे लॅन्सेट या विलायती वैद्यकीय पत्रात मांडले. मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या घरात आले. विंचवाच्या विषावरची लसही निघाली. गोळीच्या जोडीला ती दिली तर रोगी लवकर सुधारतो, हे महाडच्या रोग्यांवरच दिसले व २०११ साली छापून आले. डॉ. हिंमतरावांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

गोळी डॉक्टरनेच द्यायची. किती आणि किती वेळाने, हे नाडी व रक्तदाब पाहून ठरते. आपण पाहायचे ते एवढे: उलटी झाली का, दरदरून घाम सुटला का, हातपाय गार पडले का. यातले काहीही दिसले की एक घटकाही थांबू नये. दिसले नाही तरी दवाखाना गाठावा, आणि पोर लहान असेल तर आधी धावावे. जखम चिरू नये, दोरी आवळू नये. पोलादपूरच्या वरच्या वाडीवरून खाली यायलाच वेळ लागतो. त्यात मांत्रिकाची वाट पाहिली, तर फुप्फुसात पाणी भरायला तेवढा वेळ पुरतो.