शिडाची होडी, भाग ६ : कील मोडली तर आधी भोक पाहा

शीड वाऱ्याचा जोर कसा पकडतं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. हा जोर होडीला पुढे नेतो, तसाच आडवाही रेटतो. तो रेटा अडवण्यासाठी बुडाखाली पाण्यात उभं पातं लागतं, तीच कील. पक्की कील उथळ पाण्यात तळाला टेकते. स्विंग कील मात्र एका पिनेभोवती फिरून वर, होडीतल्या खोबणीत जाते.

आपल्याकडच्या पाण्याला हीच सोयीची. दौंड तालुक्याच्या पूर्वेकडे उजनीचा फुगवटा येतो, शिरूर तालुक्यात चिंचणीला घोड धरण आहे. पावसाळ्याअखेर खोल बुडालेले बांध, विहिरींचे कठडे आणि झाडांचे बुंधे उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जेमतेम हातभर खाली राहतात. इथल्या मच्छीमारांच्या होड्या सपाट बुडाच्या. वल्ह्यांवर चालणाऱ्या होडीचं कीलवाचून अडत नाही. शिडाच्या होडीचं अडतं.

कील समोरून आपटली तर सहसा वर उचलली जाते आणि वाचते. होडी कललेली असताना बाजूने दणका बसला, किंवा उचलायची वायररोप तुटून कील धाडकन खाली आली, तर मोडतोड होते. पातं वाकतं, पिन वाकते. पण खरा घोटाळा भोकात असतो. वर्षानुवर्षांच्या हेलकाव्यांनी ते लांबट झालेलं असतं. अशा भोकात नवी पिन घातली तरी तीही खडखडणार आणि भोक आणखी झिजवणार.

ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलची पिन सैल झाली की मिस्त्री भोक मोठं करून त्यात बुश ठोकतो. इथे इलाज तोच. होडी भक्कम घोडीवर चढवा. पिन काढण्याआधी कीलचं वजन जॅकवर घ्या. जड कीलखाली हात घालू नका. पात्यातलं भोक लेथवर गोल करून ब्राँझचा बुश बसवा, पिन स्टेनलेस स्टीलची करा. खोबणीच्या फायबरमधलं भोक झिजलं असेल तर ते घासून, पूर्ण वाळवून, इपॉक्सी आणि काचकापडाने भरा. मग दोन्ही बाजूंची भोकं एकाच रेषेत पाडा. रेषा चुकली तर कील अडकते.

पात्याला तडा असेल तर आधी धातू ओळखा. पोलादी पातं वेल्डिंगने जुळतं. बिडाचं पातं तापवून, निकेलच्या रॉडने जोडून सावकाश थंड करावं लागतं. तडा पिनेजवळ असेल तर नवं ओतून घेणंच शहाणपणाचं. गंज लखलखीत धातू दिसेपर्यंत खरवडा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. एप्रिलच्या उन्हात इपॉक्सी झपाट्याने घट्ट होतं, तेव्हा थोडं थोडंच कालवा.

शेवटी वायररोप आणि कप्पी तपासा. एकही तार तुटलेली दिसली तर रोप बदला. होडी घोडीवर असतानाच कील अनेकदा वरखाली करून पाहा, मग उथळ पाण्यात उतरवून पिनेपाशी पाझर आहे का ते बघा.

पुढच्या भागात : सुकाणू आणि त्याची बिजागरं.