टू-व्हील-ड्राइव्ह पिकअप कच्च्या वाटेला लावताना

अमेरिकेत वापरलेला पिकअप ट्रक शोधायला लागलात की एक गोष्ट लगेच लक्षात येते. मॉडेल तेच, वर्ष तेच, मैलही जवळपास तेवढेच, पण मागच्या बाजूला '४×४' असे स्टिकर असले की किंमत काही हजार डॉलरने वर जाते. दक्षिण कॅलिफोर्निया, टेक्सस अशा फारसा बर्फ न पडणाऱ्या भागांत टू-व्हील-ड्राइव्ह ट्रक भरपूर आणि स्वस्त मिळतात. या ट्रकमध्ये इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. मग प्रश्न पडतो की असा ट्रक घेऊन वाळवंटात कॅम्पिंगला जाता येईल का? कच्चा रस्ता, खडी, थोडी वाळू त्याला झेपेल का?

थोडक्यात उत्तर असे, की बऱ्याच ठिकाणी झेपेल, पण त्यासाठी पैसे योग्य क्रमाने खर्च करायला हवेत. बहुतेक लोक सुरुवात उलट्या टोकाकडून करतात. आधी ट्रक उंच करतात, मोठे दिवे लावतात आणि पहिल्याच वाळूच्या पट्ट्यात रुततात. तिथे फोनला सिग्नल नसतो, पाणी मोजकेच असते आणि टो ट्रकचे बिल सहज हजार डॉलरच्या पुढे जाते. म्हणून कशाने किती फरक पडतो, हे आधी समजून घेऊ.

ट्रॅक्टर रुतत का नाही?

तुमच्यापैकी अनेकांनी गावाकडे काळ्या मातीच्या रानात ट्रॅक्टर चालताना पाहिला असेल. तिथले बहुतेक ट्रॅक्टर टू-व्हील-ड्राइव्हच असतात. पुढची लहान चाके फक्त दिशा देतात, ओढण्याचे सगळे काम मागची दोन मोठी चाके करतात. तरीही ज्या चिखलात जीप अडकते, तिथून तो नांगर ओढत जातो. कसे काय?

चार गोष्टींमुळे. मागच्या टायरमध्ये हवा कमी असते, त्यामुळे टायर जमिनीवर पसरून टेकतो. मागच्या चाकांवर वजन असते, आणि कमी पडले तर शेतकरी टायरमध्ये पाणी भरतात किंवा चाकाला लोखंडी वजने लावतात. डिफरन्शियल लॉकचे पेडल असते, ते दाबले की दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात. आणि गिअर अतिशय सावकाश असतात. आपल्या पिकअपला नेमके हेच चार धडे लागू पडतात. त्यातले तीन कमी-अधिक खर्चात साध्य होतात, चौथा मात्र फारसा होत नाही. त्याकडे शेवटी येऊ.

थोडे गणित

ट्रकला पुढे ढकलणारे बल इंजिन ठरवत नाही, टायर आणि जमीन यांच्यातले घर्षण ठरवते. चाकावर जेवढे वजन, त्याला घर्षण गुणांकाने गुणले की मिळणारे बल ही कमाल मर्यादा. त्यापुढे ॲक्सिलरेटर कितीही दाबा, चाक नुसते फिरणार.

समजा ट्रकचे वजन १,८०० किलो आहे. रिकाम्या पिकअपमध्ये इंजिन पुढे आणि मागे मोकळा हौदा, त्यामुळे मागच्या चाकांवर साधारण ४३ टक्केच भार येतो, म्हणजे ७७४ किलो. सैल खडीवर घर्षण गुणांक ०.५ धरला, तर फोर-व्हील-ड्राइव्हला सपाटीवर ९०० किलो-बलापर्यंत जोर लावता येईल, आपल्याला फक्त ३८७.

चढावर परिस्थिती थोडी सुधारते, कारण वजन मागे सरकते. चाकांमधले अंतर ३.२ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७ मीटर धरून हिशेब केला, तर हा ट्रक साधारण साडेतेरा अंशांचा चढ चढू शकतो. त्याच जमिनीवर फोर-व्हील-ड्राइव्ह साडेसव्वीस अंशांपर्यंत जाईल. फरक जवळजवळ दुपटीचा आहे. पण साडेतेरा अंश म्हणजे शंभर मीटरला २४ मीटर चढ! घाटातले डांबरी रस्तेसुद्धा सहसा एवढे उभे नसतात. थोडक्यात, दोन्ही मागची चाके जमिनीला नीट धरून असतील तर खडीच्या बहुतेक रस्त्यांना दोन चाके पुरतात. अडचण येते ती चाकांची पकड सुटते तेव्हा.

पहिला खर्च: हवा

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक सुधारणा म्हणजे टायरमधली हवा कमी करणे. एका मागच्या चाकावर ३८७ किलो भार आणि टायरमध्ये ३५ पीएसआय दाब असेल, तर जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने १५७ चौरस सेंटीमीटर येतो, म्हणजे जवळपास तळहाताएवढा. दाब निम्मा केला की हे क्षेत्रफळ साधारण दुप्पट होते. (टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे प्रत्यक्षात दुपटीपेक्षा थोडे कमीच.) हा टेकणारा भाग रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो, आणि टायर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा वागू लागतो.

वाळूत याचा दुहेरी फायदा होतो. डांबरावर चाक फिरवायला ट्रकच्या वजनाच्या एक-दीड टक्का बल पुरते, मऊ वाळूत ते २० ते ३० टक्क्यांवर जाऊ शकते. १,८०० किलोचे २० टक्के म्हणजे ३६० किलो-बल. आपल्याकडे मुळात जास्तीत जास्त तेवढेच होते, आणि वाळूत पकड खडीपेक्षा कमीच असते. म्हणजे सपाट वाळूतही ट्रक जागचा हलणार नाही. हवा कमी केली की चाक कमी रुतते आणि हा विरोधच घटतो.

इथे एक खास टू-व्हील-ड्राइव्हची गोष्ट लक्षात ठेवा. आपली पुढची चाके ओढत नाहीत, ती वाळूत नांगरासारखी घुसतात आणि मागच्या चाकांना त्यांनाही ढकलावे लागते. म्हणून हवा चारही टायरची कमी करायची, फक्त मागच्यांची नाही. खडीच्या रस्त्यावर २० ते २५ पीएसआय आणि वाळूत १५ च्या आसपास, हा चांगला आरंभबिंदू आहे. त्याहून बरेच खाली गेलात तर वळणावर टायर रिममधून निसटू शकतो. कमी हवेत वेग ताशी २० मैलांच्या आसपासच ठेवा, आणि डांबरावर परतल्याबरोबर हवा भरा. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटू शकतो. म्हणून दाब मोजायचे गेज आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर ही तुमची पहिली खरेदी. दुबई-अबुधाबीच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. तिथे वाळूत उतरण्याआधी फोर-व्हील-ड्राइव्हवालेसुद्धा हाच विधी करतात.

दुसरा खर्च: डिफरन्शियल

वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल हवा. १८२० च्या दशकात ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने त्याचे पेटंट घेतले. युक्ती सुंदर आहे, पण तिची एक अट आहे. साधा डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखेच बल देतो. त्यामुळे एक चाक चिखलात आणि दुसरे कोरड्या दगडावर असेल, तर दगडावरच्या चाकालाही चिखलातल्या चाकाएवढेच बल मिळते.

आपल्याच आकड्यांत पाहा. एका चाकाखाली गुणांक ०.१, दुसऱ्याखाली ०.५. साध्या डिफरन्शियलने एकूण बल मिळते ७७ किलो, कारण हिशेब कमकुवत चाकाचा. दोन्ही चाके एकत्र जखडली तर मिळते २३२. तिप्पट! साध्या डिफरन्शियलचा टू-व्हील-ड्राइव्ह ट्रक ऐनवेळी जणू एकाच चाकावर चालतो. लॉकर बसवला की तो खऱ्या अर्थाने दोन चाकांवर चालतो.

लॉकर बटणाने लागणारा, विजेवर किंवा हवेच्या दाबावर चालणारा घेतलात तर उत्तम, कारण डांबरावर तो बंद ठेवता येतो. बसवण्याच्या मजुरीसह खर्च हजार डॉलरच्या पुढे जाऊ शकतो, पण इतर कुठलाही एवढा खर्च इतका फरक पाडत नाही. काही ट्रकना तो कारखान्यातूनच येतो, म्हणून विकत घेतानाच विचारून घ्या. उदाहरणार्थ, टोयोटाने १९९८ पासून टॅकोमाचे 'प्रीरनर' मॉडेल विकले. ते टू-व्हील-ड्राइव्ह, पण उंची फोर-व्हील-ड्राइव्हएवढी, आणि काहींना मागे लॉकरही होता. सावधगिरी एकच. आडव्या उतारावर लॉकर लावून जोर दिलात तर दोन्ही चाके एकदम सुटतात आणि ट्रकची मागची बाजू खाली घसरते.

लॉकर नसेल तर? ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. नुसत्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावला की बल दुसऱ्या चाकाकडे जाते. पिकअपमध्ये हँडब्रेक अलगद ओढून थोडा तसा परिणाम साधतो. नव्या ट्रकमधली ट्रॅक्शन कंट्रोल यंत्रणा हेच आपोआप करते, फक्त फिरणाऱ्या चाकापुरते. मऊ वाळूत मात्र ती इंजिनाचा जोरही कापते आणि ट्रक थांबतो, म्हणून तिथे ती बंद करणे सहसा बरे.

तिसरा: वजन, पण योग्य जागी

हौद्यात मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर २०० किलो ठेवले, तर मागच्या चाकांवरचा भार ४३ वरून जवळपास ४९ टक्क्यांवर जातो आणि आपला साडेतेरा अंशांचा चढ १५ च्या थोडा पुढे पोचतो. फायदा आहे, पण माफक. वाळूत जास्तीचे वजन रुततेही. म्हणून मुद्दाम वाळूची पोती नेण्यापेक्षा जे न्यायचेच आहे ते तिथे ठेवा. पाण्याचे २० लिटरचे चार कॅन म्हणजे ८० किलो, आणि वाळवंटात ते पाणी प्राण वाचवते. सामान घट्ट बांधा आणि ॲक्सलच्या मागे ठेवू नका, नाहीतर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही.

चौथा: उंची

इथे एक गैरसमज खूप पसरलेला आहे. मागे सलग ॲक्सल असलेल्या ट्रकमध्ये स्प्रिंग उंच करणाऱ्या किटने बॉडी वर जाते, पण ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा (अमेरिकन मंडळी त्याला गमतीने पम्पकिन म्हणतात) जिथल्या तिथे राहतो. दगडावर आपटतो तो बहुधा हाच. तो वर उचलायचा उपाय एकच, मोठा टायर. ३० इंची टायरऐवजी ३३ इंची लावला तर तो दीड इंच वर जातो.

पण मोठ्या टायरने गिअर दहा टक्क्यांनी 'उंच' होतात, म्हणजे जमिनीवर मिळणारा जोर तेवढा घटतो. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६६ ने जात असता! मूळ डिफरन्शियलचे गुणोत्तर ३.७३ असेल तर ४.१० केल्यावर दोन्ही गोष्टी पूर्ववत होतात. लॉकर बसवतानाच हे काम केले तर मजुरी एकदाच पडते.

दोन चाकांची ताकद आणि मर्यादा

टू-व्हील-ड्राइव्हला कमी लेखायचे कारण नाही. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात १९६७ साली वाळवंटातली पहिली मोठी शर्यत झाली, तिहुआनापासून ला पाझपर्यंत. ती जिंकली मेयर्स मँक्स या फोक्सवॅगनच्या सांगाड्यावर बांधलेल्या बग्गीने, २७ तास ३८ मिनिटांत. ती टू-व्हील-ड्राइव्ह होती, वजनाला हलकी, आणि इंजिन मागे असल्याने भार बरोबर ओढणाऱ्या चाकांवर होता. पुढेही अनेक दशके त्या शर्यतीतले सर्वांत वेगवान ट्रक मागच्याच चाकांवर चालत. पुढच्या चाकांना फिरवणारे दांडे नसल्याने त्यांचे सस्पेन्शन भरपूर वर-खाली जाऊ शकते.

पण शर्यतीचा ट्रक वेगाच्या जोरावर वाळू पार करतो, आपण तसे करू शकत नाही. इथेच ट्रॅक्टरचा चौथा धडा अपुरा राहतो. टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपला 'लो रेंज' नसते. खडकांवरून मुंगीच्या गतीने जाणे किंवा लांब उभा उतार इंजिनाच्या जोरावर सावकाश उतरणे त्याला जमत नाही, आणि ब्रेक तापतात. नियमही आहेत. युटामधल्या कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कच्या व्हाइट रिमसारख्या रस्त्यांवर लो रेंज असलेले उंच फोर-व्हील-ड्राइव्हच चालते. तुमचा ट्रक कितीही सुधारलेला असला तरी तिथे परवानगी नाही.

म्हणून एक साधा नियम पाळा. फोर-व्हील-ड्राइव्हवाले टू-व्हीलवर जातात आणि अडकले की बाकीची दोन चाके जोडून बाहेर पडतात. आपल्याकडे ती राखीव चाके नाहीत. त्यामुळे आपली राखीव ताकद सोबत न्यायची असते: फावडे, चाकाखाली घालायच्या दोन फळ्या, कॉम्प्रेसर, भरपूर पाणी आणि शक्यतो दुसरी गाडी. वाळूत थांबायचेच झाले तर नाक उताराकडे ठेवून थांबा. चाक जागच्या जागी फिरू लागले की लगेच पाय काढा. आणखी दोन सेकंदांत ॲक्सल वाळूवर टेकतो, आणि मग दहा मिनिटांचे काम दोन तासांचे होते. उतरून वाट पायी पाहिलीत आणि शंका आली, तर तिथूनच परत फिरा.