माडिया गोंड कोण आहेत? देव मोजून सोयरीक जुळवणारा समाज

महाराष्ट्रात 'आदिम' म्हणून नोंदलेल्या तीन जमाती आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. माडिया प्रामुख्याने गडचिरोलीच्या भामरागड परिसरात राहतात. धानाची शेती, मोहफुलं, तेंदूपत्ता यांवर घर चालतं.

प्रत्येक कुळाचे देव ठरलेले असतात; कुणाचे चार, कुणाचे सात. देवांची संख्या सारखी असेल तर ती कुळं भाऊबंद. त्यांच्यात लग्न होत नाही.

अडचण कुठे येते? पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क वारंवार तुटत आलाय. अशा वेळी बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं कसं? दुसरा प्रश्न भाषेचा. घरी द्रविड कुळातली माडिया, शाळेत मराठी. त्यामुळे रस्ते-पुलांसोबत माडिया समजणारे शिक्षक आणि डॉक्टरही हवेत.